आतून पिकलेली जादू: ‘हॅरी पॉटर आणि परीस’, मोठ्याने वाचून

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळ एका केळीच्या वखारीत मी रात्रपाळीला असतो. वखार म्हणायची आपली जुनी सवय. आता तिथे पिकवणीच्या सहा खोल्या आहेत, जाड भिंतींच्या आणि थंड. हिरव्या फण्या कॅरेटमध्ये भरून आत लावायच्या, दार बंद करायचं, फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडायचा आणि मग २४ तास दाराला हात लावायचा नाही. आत तापमान १६ ते १८ अंश ठेवायचं आणि दर तासाला वहीत नोंद करायची. दोन नोंदींच्या मध्ये पाऊण तास मोकळा मिळतो. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मी त्या पाऊण-पाऊण तासांत वाचलं, तेही मोठ्याने, कारण माझ्याबरोबर आणखी चौघं असतात आणि पहिल्याच रात्री राखणदार आबांनी विचारलं, “काय वाचतू रे भाऊ एकटा एकटा?”

पुस्तक माझ्या मुलीचं. ती सातवीत आहे. तिचं वाचून झालं होतं. रविवारी तिने ते माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, “पप्पा, तुम्ही वाचा, मग आपण बोलू.” त्याआधी मी तिला जादूचंच एक दुसरं पुस्तक आणलं होतं, त्याचं नाव घेत नाही. त्यात पहिल्या वीस पानांतच राजवाडे, उडते घोडे, बोलणारे डोंगर सगळं येऊन गेलं. नायकाला काही हवं झालं की अंगठी चोळायची, लगेच हजर. मुलीने चाळिसाव्या पानावर खूण ठेवली, ती अजून तिथेच आहे. त्या पुस्तकाबद्दल तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. ते मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं, या पुस्तकानंतर आलं.

आमच्या धंद्यात कार्बाइडची पूड वापरून झटपट पिकवलेलं केळं ओळखायला वेळ लागत नाही. साल एकसारखी पिवळीधमक, देठ हिरवा, आणि सोलून खाल्लं तर आत घट्ट, चव नाही. कार्बाइडवर बंदी आहे ती आरोग्यासाठी, पण चवीसाठीही असायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. जादूच्या गोष्टींचंही तसंच आहे. चमत्कार वरून फासले की पान पिवळं दिसतं, आतलं जग मात्र कच्चंच राहतं. या पुस्तकातलं जग आतून पिकलेलं आहे. ते मला कशावरून कळलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

जे. के. रोलिंग यांची ही इंग्रजी कादंबरी १९९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. मालिकेतला हा पहिला भाग, एकूण प्रकरणं १७. मराठी अनुवाद बाळ ऊर्ध्वरेषे यांचा, प्रकाशन मंजुलचं. आम्हाला २२ रात्री लागल्या, कारण काही प्रकरणं दोनदा वाचावी लागली आणि दोन रात्री गाड्या लागल्यामुळे वाचन झालंच नाही.

हॅरी हा आईबाप नसलेला पोरगा. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपतो. अकरा वर्षांचा होताना त्याला जादूच्या शाळेचं पत्र येतं आणि पत्रावर पत्ता लिहिलेला असतो तो थेट त्या जिन्याखालच्या कपाटाचा. मी ते वाचून पुढे निघालो होतो. आबांनी थांबवलं. म्हणाले, “म्हंजे त्यायले मालूम व्हतं, पोरगं कुठी झोपतं ते.” मग सगळेच गप्प झाले. घरात ज्याला कोणी विचारत नाही, त्याची झोपायची जागा दूर कुठेतरी कोणाला तरी ठाऊक आहे. अजून एकही चमत्कार झालेला नाही, नुसता पत्ता लिहिलाय, आणि आमची पाचही माणसं त्या जगात जाऊन बसली.

पुढे एक घुबड वर्तमानपत्र घेऊन येतं. ते खिडकीतून आत येतं, पेपर टाकतं आणि हॅरीला न्यायला शाळेतून आलेल्या, झोपलेल्या हॅग्रिडच्या कोटाला टोचत राहतं, कारण त्याला पैसे हवे असतात. पाच नट. नट हे त्यांचं काशाचं सगळ्यात लहान नाणं. घुबडाच्या पायाला चामड्याची छोटी थैली असते, त्यात पैसे टाकले की ते उडून जातं. आमच्यातला एक तरुण पाळी संपली की सकाळी सायकलवर पेपर टाकतो. तो इतका खूश झाला की ते पान मला परत वाचायला लावलं. “बरोबर आहे त्याचं,” म्हणाला. “पैसे घेतल्याबिगर जायाचंच नही.”

मग नाण्यांचा हिशोब निघाला. २९ नटांचा एक सिकल, १७ सिकलचा एक गॅलियन. असला वेडावाकडा हिशोब कोण ठेवतं, असं एकाने म्हटल्यावर आबा सांगू लागले की आपल्याकडेही सोळा आण्यांचा रुपया होता, १९५७ साली नवे पैसे आले तरी त्यांच्या आईने मरेपर्यंत आण्यांतच हिशोब केला. हॅरीची जादूची छडी सात गॅलियनची आहे. पेपरवाल्या पोराने नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार मांडला. एका गॅलियनचे ४९३ नट, सात गॅलियनचे ३,४५१. रोजच्या पेपरला पाच नट, म्हणजे एका छडीत ६९० दिवसांचा पेपर. जवळजवळ दोन वर्षांचा. “महाग आहे,” असं तो गंभीरपणे म्हणाला. लेखिकेने हा गुणाकार कुठेही करून दाखवलेला नाही. पण केला तर जुळतो, आणि रात्री दीड वाजता दमलेला माणूस तो करायला बसतो. वाचक त्या जगात रमला की नाही, हे मला तिथे कळलं. त्याला तिथला बाजारभाव काढावासा वाटला पाहिजे.

त्या जगात गरिबीही आहे. रॉन नावाचा पोरगा मोठ्या भावाची जुनी छडी आणि जुने कपडे घेऊन शाळेत निघतो. आगगाडीत खाऊची गाडी येते तेव्हा त्याचे कान लाल होतात आणि आईने बांधून दिलेला डबा आहे म्हणतो. हॅरीच्या खिशात पहिल्यांदाच पैसे असतात. तो ११ सिकल आणि ७ नटांचा खाऊ घेतो आणि दोघं वाटून खातात. यावर आमच्याकडे मोठा वाद झाला. जादू येते आणि तरी गरीब? मग काय उपयोग? एकाचं म्हणणं, लेखिकेची चूक आहे. आबांचं म्हणणं, चूक नाही. भगताकडे मंत्र असतो, पण भगताच्या घरावर कौलं फुटकीच असतात, ते त्यांनी जन्मभर पाहिलंय. मी आबांच्या बाजूने आहे. जादूने सगळं मिळत असतं तर रॉनचे कान लाल झाले नसते, आणि ते लाल झाले नसते तर खाऊ वाटून खाण्यात काही उरलं नसतं.

मला वाटलं होतं, परदेशातलं आहे म्हणून समजावून सांगत बसावं लागेल. खाण्यापिण्याच्या नावांवर तशी अडखळ झाली. सॉस आणि पुडिंगच्या यादीपाशी मी सरळ “ताटात बरंच काही होतं” म्हणून पुढे गेलो. पण जादूच्या बाबतीत उलट झालं. दुष्ट जादूगाराचं नाव कोणी घेत नाही, त्याला आडून आडून ‘तो, तुम्हाला माहीत आहे तो’ असं म्हणतात. हे मला क्षणभरही समजवावं लागलं नाही. केळीच्या बागेत रात्री पाणी धरायला जाणारा कोणताही माणूस सापाला साप म्हणत नाही. ‘जनावर’ म्हणतो, ‘लांबडं’ म्हणतो. तसंच मंत्राचं. पीस हवेत उचलायचा मंत्र वर्गात सगळे चुकीचा म्हणतात. त्यांच्या वर्गातली हर्मायनी रॉनला सांगते की मधलं अक्षर लांबवून, स्वच्छ म्हण. इकडे विंचवाचा मंत्र ग्रहणात पाण्यात उभं राहून, एक अक्षर न चुकवता म्हणावा लागतो, नाहीतर उतार पडत नाही, असं आमच्यातल्या दोघांना लहानपणापासून माहीत होतं. जादूला शिस्त असते, ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. मला तर ती आमच्या खोल्यांमधूनच कळायला हवी होती. वायू दिसत नाही, पण त्याला २४ तास लागतात, एवढीच थंडी लागते, नंतर दार उघडून आतली कोंडलेली हवा बाहेर काढावीच लागते. घाई केली की माल गेला.

स्टेशनवरच्या नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांमधल्या भिंतीतून हॅरी पलीकडे जातो, तिथे शाळेची आगगाडी उभी असते. या प्रकरणाच्या वेळी खंडव्याकडे जाणारी एक मालगाडी खरोखरच वखारीमागून गेली आणि मला वाचन थांबवावं लागलं. आमच्यातला एक जण पूर्वी रेल्वेच्या डब्यांत केळी भरायला जायचा. पुढच्या आठवड्यात तो भुसावळला गेला होता. परत आल्यावर त्याने सांगितलं, “दोन फलाटांच्या मधी खांबाकडं पाहात उभा राहिलो जरा.” एवढंच सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही आरशाच्या प्रकरणावर काढला. रात्री भटकताना हॅरीला रिकाम्या खोलीत छतापर्यंत उंच, जुना आरसा सापडतो. त्यात त्याला आई, वडील आणि मागे उभं असलेलं सगळं घराणं दिसतं. त्याने आईला कधी पाहिलेलंच नाही. ती रडतेय, हसतेय आणि हात हलवतेय. तो काचेला हात लावतो, पण पलीकडे जाता येत नाही. दुसऱ्या रात्री तो रॉनला घेऊन जातो, तर रॉनला स्वतःच विजेता होऊन चषक घेऊन उभा दिसतो. आरसा प्रत्येकाला त्याच्या मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवतो. देत मात्र काहीच नाही. मुख्याध्यापक हॅरीला सांगतात की या आरशापुढे बसून झिजून गेलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत, आणि आरसा दुसरीकडे हलवतात.

आमच्यात सातपुड्यातून आलेला एक जण आहे. कमी बोलतो. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली आणि तिचा फोटो कुठेच नाही, हे आम्हाला त्या रात्री कळलं. त्याने ते सांगितलं नाही, विचारलं. विचारलं असं, की हॅरीला कसं कळलं ती आईच आहे म्हणून? मी मागे जाऊन पाहिलं. पुस्तकात आहे. डोळे. तिचे डोळे त्याच्यासारखे हिरवे आहेत. मग त्याने ते पान परत वाचायला सांगितलं आणि मी वाचलं. तीन नंबरच्या खोलीची नोंद त्या रात्री दहा मिनिटं उशिरा झाली. २२ रात्रींत तेवढीच एकदा. नोंद करायला मी उठलो तेव्हा खोलीच्या दारावरच्या छोट्या काचेपाशी तो उभा होता आणि आत हिरव्या केळ्यांच्या रांगा होत्या.

अशा पुस्तकांवर बोलताना लोक ड्रॅगन, झाडू, अदृश्य करणारा अंगरखा यांच्याबद्दल बोलतात. त्या गोष्टी यातही आहेत आणि छान आहेत. शाळेत १४२ जिने आहेत आणि त्यांतले काही शुक्रवारी भलतीकडे घेऊन जातात, हे वाचून पेपरवाला पोरगा मोठ्याने हसला होता. पण आरसा वेगळा आहे. त्याला काहीही करता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रत्येकाच्या घरात शिरतो.

आता शीर्षकाबद्दल. मूळ इंग्रजी नावातल्या दगडासाठी अनुवादात ‘परीस’ हा शब्द घेतला आहे. मला तो फार आवडला. आपल्याकडे परीस लोखंडाचं सोनं करतो हे पोथी ऐकणाऱ्या कोणालाही माहीत आहे, समजावण्याची गरज नाही. मात्र या गोष्टीतला दगड दोन कामं करतो. सोनं करतो आणि अमृतासारखा रसही देतो, जो पिणारा मरत नाही. आपला परीस हे दुसरं काम करत नाही. त्यामुळे शीर्षक वाचून आपण सोन्याची वाट पाहतो आणि गोष्ट मरणाकडे वळते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. नव्या वाचकाने मनाशी ठेवावं म्हणून सांगतो.

त्या दगडाचा मालक निकोलस फ्लॅमेल ६६५ वर्षांचा आहे. फ्लॅमेल नावाचा माणूस पॅरिसमध्ये खरोखर होऊन गेला, हस्तलिखितं लिहिण्याचा व्यवसाय करायचा, १४१८ साली वारला. त्याने दगड मिळवल्याच्या कथा नंतर जोडल्या गेल्या. मी ६६५ म्हटल्याबरोबर आबा म्हणाले, “आपला चांगदेव चौदाशे.” तापी आणि पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ आमच्यापासून फार लांब नाही, आबा दर महाशिवरात्रीला जातात. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना पत्र पाठवायचं ठरवलं, पण मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून अजून कोराच. ही गोष्ट आबांनी त्या रात्री सांगितली आणि पुस्तक बाजूला राहिलं.

मग शेवटच्या प्रकरणात फ्लॅमेल दगड नष्ट होऊ देतो, आता तो आणि त्याची बायको मरणार, हे मी वाचलं तेव्हा आबांनी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. ब्रिटनची बाई आणि संगमावरचं देऊळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण जगण्याची हाव सोडण्याची गोष्ट दोन्हीकडे आहे, आणि आबांनी दोन्हीकडे तीच मान हलवली.

आता खटकलेलं. झाडूवर बसून खेळायचा जो खेळ आहे, त्याचे नियम आमच्याकडच्या क्रिकेटवाल्यांना अजिबात पटले नाहीत. एका गोलला १० गुण आणि सोनेरी चेंडू पकडला की एकदम १५०, शिवाय खेळ तिथेच संपतो. मग बाकीच्यांनी घाम कशाला गाळायचा? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या लेखिकेने नाण्यांचा हिशोब इतका नीट बसवला, तिच्याकडून हा खेळ कच्चा राहिला असं मला वाटतं. दुसरी गोष्ट, शाळेतली पोरं चार गटांत वाटलेली आहेत, त्यांपैकी एकाच गटात सगळे वाईट. असं कोणत्याही शाळेत नसतं.

तिसरी तक्रार शेवटाची. वर्षाअखेरीस गुणांत पुढे असल्यामुळे ज्या गटाच्या रंगांनी सभागृह सजलेलं असतं, त्यांच्यासमोर मुख्याध्यापक ऐनवेळी १७० गुण वाटतात आणि निकाल फिरतो. सामना संपल्यावर पंचाने धावा वाढवल्यासारखं आहे हे. पण त्यातले शेवटचे १० गुण नेव्हिल नावाच्या घाबरट पोराला मिळतात, तो स्वतःच्या मित्रांना अडवायला उभा राहिला म्हणून. त्या दहा गुणांसाठी आबांनी बाकीचे १६० माफ केले. मी अजून केलेले नाहीत.

अनुवाद मोठ्याने वाचायला चांगला आहे. वाक्यं तोंडात अडकत नाहीत, संवाद वाचताना आवाज आपोआप बदलतो. अक्षर मला रात्रीच्या दिव्यात पुरलं. माझी प्रत फुगली आहे, पण ती आमच्या खोल्यांच्या दमट हवेने, तिथे पुस्तक नेऊच नये. नंतर मी ते वजनकाट्याच्या केबिनमध्ये ठेवायला लागलो. विकत घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच की दहा-अकरा वर्षांच्या पोराला नुसतं हातात देऊ नका. पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, कारण जादूच्या शाळेपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मावशीच्या घरातली पानं थोडी जड जातात. एकदा ते पत्र आलं की पुस्तक तुमच्या हातात राहणार नाही. जे मोठे आहेत आणि ज्यांनी कधी असं काही वाचलेलं नाही, त्यांनी एकट्याने वाचू नये, कोणाला तरी ऐकवावं. मी एकट्याने वाचलं असतं तर घुबडाच्या पाच नटांवरून पुढे निघून गेलो असतो.

मुलीने दुसरा भाग दिलाय, सोमवारपासून तो लावायचा आहे. आबांचा पहिल्या भागातला एक प्रश्न अजून तसाच आहे. शाळेत इतकी पोरं, ताटं रिकामी होतात आणि आपोआप भरतात. “आन् मंग हे एवढं जेवन करतं कोन?” त्यांना आपोआप हे उत्तर मान्य नाही. कोणीतरी चुलीपाशी असणारच, असं त्यांचं म्हणणं आहे. मी मुलीला विचारलं. तिने वाचनालयातून आणून पुढचे भाग वाचून काढलेत. ती हसली आणि म्हणाली, “आबांना सांगा, बरोबर विचारलंय. पण चौथ्या भागापर्यंत थांबायला लागेल.”